मानसशास्त्राच्या वर्गासाठी ‘कृती आणि उजळणी’ संच : एका शिक्षिकेचे परीक्षण

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका जुन्या पुस्तकविक्रेत्याकडे या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अकरावी-बारावीच्या मानसशास्त्रासाठी तयार केलेला एक संच विक्रीस आला. खोक्यावर ‘मानसशास्त्र : कृती आणि उजळणी’ असे नाव आहे. आत वर्गात करून घ्यायच्या कृतींच्या पुस्तिका, छापील तक्ते, चित्रपत्ते, प्रश्नावल्या आणि उजळणीच्या प्रश्नपत्त्यांची एक पेटी आहे, आणि सोबत शिक्षकांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवते आणि संपूर्ण पहिले सत्र दोन्ही वर्गांत हा संच वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : संच घेण्याजोगा आहे, स्मृतीवरील कृती आणि प्रश्नपत्त्यांची पेटी या दोन भागांसाठी तर तो आवर्जून घ्यावा, मात्र त्यातील काही प्रश्नावल्या आणि मानसिक विकारांवरील पत्ते आहेत तसे वर्गात नेऊ नयेत.

मानसशास्त्राच्या शैक्षणिक साहित्याला एक अशी कसोटी लावावी लागते, जी इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या साहित्याला लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. माणूस कसा शिकतो, काय विसरतो आणि का विसरतो, हा याच विषयाचा अभ्यासविषय आहे. त्यामुळे विस्मरणाचे प्रकरण शिकवणारे पुस्तक स्वतःच विद्यार्थ्याला तेच ते पुन्हा वाचायला लावत असेल, तर ते आपल्याच प्रकरणाच्या विरोधात वागत असते. आमच्याकडे कला शाखेतील बहुतेक मुले आजवर मार्गदर्शके आणि प्रश्नोत्तरांचे संच यांवरच अवलंबून राहिली आहेत. त्यांत उत्तरे तयार असतात, महत्त्वाच्या ओळी ठळक केलेल्या असतात आणि मुले परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या ओळी रंगीत पेनाने आणखी ठळक करतात. अमेरिकेतील जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा ओळी अधोरेखित करणे आणि पुनर्वाचन या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले. संचाच्या मार्गदर्शिकेत या आढाव्याचा उल्लेख नाही, तरीही संचाची मांडणी बऱ्याच अंशी त्याच दिशेने झालेली आहे, आणि तेच त्याचे मोठे बलस्थान आहे.

प्रथम स्मृतीवरील कृतींविषयी, कारण सर्वाधिक विचार त्यांच्यावर झालेला दिसतो. अल्पकालीन स्मृतीची मर्यादा दाखवण्यासाठी शिक्षकाने अंकांच्या वाढत्या लांबीच्या रांगा वाचायच्या आणि मुलांनी त्या संपल्यावर लिहायच्या, ही कृती जुनीच आहे; जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलेली ‘सात, अधिक-उणे दोन’ ही मर्यादा प्रत्येक मुलाला आपल्याच वहीत दिसते. संचकर्त्यांनी तिच्यापुढे एक चांगली पायरी जोडली आहे. अकरा अंकांची एक रांग ते आधी सुटी वाचायला सांगतात : चार, एक, एक, शून्य, शून्य, एक, शून्य, दोन, शून्य, एक, दोन. मग तीच रांग तीन तुकड्यांत वाचायची : ४११००१, ०२०, १२. पुण्याच्या मुलाला लगेच उमगते की हा पुण्याचा पिनकोड, दूरध्वनीचा जुना संकेतांक आणि गाड्यांवरील एमएच-१२ हा क्रमांक आहे, आणि अकरा अंकांचे ओझे तीन ओळखीच्या गोष्टींवर येते.

आमच्या वर्गात मात्र तुकडे पाडूनही फारसा फरक पडला नाही. मुलांना ते तुकडे केवळ लहान रांगा वाटल्या, कारण त्यांत ओळखीचे काहीच नव्हते. दुसऱ्या तासाला मी ४२२००१, ०२५३, १५ अशी रांग वाचली. ही रांग पुण्याच्या रांगेपेक्षा एका अंकाने मोठी आहे, तरीही जवळजवळ सर्वांनी ती बिनचूक लिहिली. नाशिकचा पिनकोड, नाशिकचा संकेतांक आणि एमएच-१५ हे त्यांच्या दीर्घकालीन स्मृतीत आधीच होते. दोन्ही रांगा शेजारी शेजारी लिहिल्यावर वर्गाला जे कळले, ते पाठ्यपुस्तकातील व्याख्येने कळले नसते : तुकडे पाडल्याने स्मृतीची क्षमता आपोआप वाढत नाही, तर आधीचे ज्ञान त्या तुकड्यांना अर्थ देते तेव्हाच ती वाढल्यासारखी दिसते. मार्गदर्शिकेने ‘आपापल्या गावाचे क्रमांक वापरा’ एवढी एक ओळ छापली असती, तरी ही कृती महाराष्ट्रातील कोणत्याही वर्गात उभी राहिली असती. माझी शिफारस अशी की दोन्ही रांगा वापराव्यात, परक्या गावाची आधी आणि आपल्या गावाची नंतर.

हेच दुर्लक्ष एबिंगहाउस यांच्या कृतीत अधिक खटकते. हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा वक्र प्रसिद्ध केला, आणि अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरसमूह योजले. संचात अशा समूहांची एक यादी मराठीत दिली आहे. त्या यादीत ‘घोस’ आहे. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतून येणाऱ्या, घरी द्राक्षबाग असणाऱ्या मुलांना ‘घोस’ निरर्थक कसा वाटावा? ‘टाप’ हाही त्याच यादीत आहे आणि घोड्याची टाप सर्वांना ठाऊक असते. देवनागरीत दोन अक्षरे जोडून निरर्थक समूह तयार करणे अवघडच आहे, कारण असे बहुतेक जोड कुठल्या ना कुठल्या बोलीत शब्द म्हणून नांदत असतात. म्हणूनच यादी छापण्यापूर्वी ती वेगवेगळ्या तालुक्यांतील मुलांपुढे ठेवून पाहायला हवी होती. अर्थ असलेले समूह जास्त आठवतात आणि मग आलेखाचा आकार बिघडतो. मी आता यादी वर्गाकडूनच तपासून घेते आणि ज्या समूहाला कोणीही अर्थ सांगेल तो वगळते. ही तपासणी स्वतःच एक चांगली कृती झाली आहे, हे येथे नमूद करते.

त्याच पुस्तिकेतील विस्मरणाच्या आलेखाखाली असे विधान छापले आहे की माणूस शिकलेले दोन तृतीयांश एका दिवसात विसरतो. हे विधान जसेच्या तसे शिकवू नये. एबिंगहाउस यांनी पुन्हा शिकताना किती श्रम वाचतात, हे मोजले होते. एका दिवसानंतर ही बचत सुमारे ३४ टक्के आणि एका महिन्यानंतर सुमारे २१ टक्के होती, आणि हे सारे निरर्थक समूहांबाबत होते. त्यांनीच बायरनच्या काव्यातील कडवी पाठ केली, तेव्हा त्यांना सुमारे एक दशांश श्रमच पुरले. अर्थपूर्ण मजकूर त्या वेगाने विसरला जात नाही. बारावीच्या मुलांवर आधीच परीक्षेचे दडपण असते. त्यांच्यापुढे ‘उद्यापर्यंत दोन तृतीयांश जाणार’ असे विधान संदर्भाशिवाय ठेवणे चुकीचेही आहे आणि अन्यायकारकही.

साक्षीदाराच्या स्मृतीवरील चित्रपत्त्यांनी मात्र वर्ग अक्षरशः भारून टाकला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि प्रश्नातील एकच क्रियापद बदलले की वेगाचा अंदाजही बदलतो, हे दाखवून दिले. संचात स्थिर चित्रांची मालिका आहे, आणि स्थिर चित्रावरून वेगाचा अंदाज मागण्यात अर्थ नाही. तो भाग मी सोडून दिला. पण मूळ अभ्यासाचा दुसरा टप्पा संचकर्त्यांनी नेमका उचलला आहे. अर्ध्या वर्गाला ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा’ असे शब्द असलेली चिठ्ठी द्यायची, अर्ध्या वर्गाला ‘गाड्या एकमेकींना घासल्या तेव्हा’ अशी, आणि आठवड्यानंतर सर्वांना एकच विचारायचे : चित्रात फुटलेली काच होती का? चित्रात काच कुठेही फुटलेली नाही. मूळ अभ्यासात तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या ५० पैकी ६ जणांनी. एका वर्गातील संख्या लहान असते, त्यामुळे दर वेळी असाच फरक मिळेल असे नाही, आणि मार्गदर्शिका हे प्रामाणिकपणे सांगते. आमच्याकडे एका मुलीने काच रस्त्याच्या डाव्या बाजूला पसरलेली होती, असे खात्रीने सांगितले. चित्र पुन्हा दाखवल्यावर ती बराच वेळ ते पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘मॅडम, मग पोलिसांनी साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा?’’ उरलेला तास या प्रश्नावरच गेला. ज्या कृतीतून विद्यार्थी असा प्रश्न घेऊन उठतो, तिच्यासाठी वेळापत्रकात दोन तास राखून ठेवावेत.

रंगाचे नाव वेगळ्याच रंगात छापलेले असताना छपाईचा रंग ओळखायला लावणाऱ्या स्ट्रूप यांच्या १९३५ च्या प्रयोगाचे तक्ते ठीक आहेत. देवनागरीतील रंगनामे स्वच्छ आहेत, पण छपाईत लाल आणि नारिंगी रंग इतके जवळ आले आहेत की मागच्या बाकांवरून ते वेगळे ओळखता येत नाहीत, आणि पांढऱ्या कागदावरील पिवळी अक्षरे तर दिसतच नाहीत. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. अशा विद्यार्थ्याला सर्वांसमोर रंग ओळखायला उभे करू नये, ही सूचना मार्गदर्शिकेत असायला हवी होती.

व्यक्तिमत्त्वाच्या विभागात संचातील सर्वांत उत्तम कृती आहे आणि त्याच विभागात सर्वांत गंभीर चूकही आहे. उत्तम कृती अशी : मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची, काही दिवसांनी प्रत्येकाला बंद पाकिटात ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक वर्णन द्यायचे आणि ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगायचे. मग शेजाऱ्याशी पाकीट बदलायला सांगायचे. सर्वांना एकच वर्णन मिळाले आहे, हे कळताच वर्गात जो आवाज होतो, तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना हेच वर्णन-पाकीट दिले होते, आणि त्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी पाचपैकी ४.२६ आली होती. वर्णनातील वाक्ये फोरर यांनी वर्तमानपत्रांच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. नाशिकसारख्या शहरात, जिथे त्र्यंबकेश्वर हाकेच्या अंतरावर आहे आणि अनेक घरांत पंचांग उघडल्याशिवाय शुभकार्य ठरत नाही, तिथे ही कृती जपून करावी लागते. कोणाच्या घरच्या श्रद्धेला हात न लावता एवढेच विचारावे की जे वाक्य कोणालाही लागू पडते, ते माझ्याविषयी काय सांगते. मुलांनी नंतर आपणहून वर्तमानपत्रातील राशिभविष्याचे कात्रण आणले, त्यावरील राशींची नावे कापून टाकली आणि घरच्यांना ‘यातील तुमची रास ओळखा’ असे विचारले. ही जोड संचकर्त्यांनी पुढील आवृत्तीत घ्यावी, असे मी सुचवीन.

आता चूक. याच पुस्तिकेत चार पानांनंतर ‘तुमची अध्ययनशैली ओळखा’ ही प्रश्नावली आहे आणि तिच्या शेवटी विद्यार्थ्याला दृश्य, श्राव्य किंवा कृतिप्रधान असा शिक्का मिळतो. त्या शिक्क्यानुसार अभ्यास कसा करावा, हेही पुढे सांगितले आहे. विद्यार्थ्याच्या शैलीला जुळेल असे शिकवले तर तो अधिक शिकतो, या दाव्याची हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बारकाईने तपासणी केली, आणि त्याला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. लोकांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरे आहे. पण आवडीप्रमाणे शिकवल्याने निकाल सुधारतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या संचाने चार पानांपूर्वी मुलांना सर्वसाधारण वर्णनांपासून सावध केले, त्यानेच त्यांच्या हातात असे वर्णन द्यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘मी श्राव्य आहे, म्हणून मला लिहून काही होत नाही’ असे एखाद्या मुलाने ठरवून टाकले, तर तो आपल्याच हाताने एक दार बंद करतो. ही प्रश्नावली संचातून काढून टाकावी, किंवा फोरर यांच्या कृतीनंतर तपासणीचा नमुना म्हणून वापरावी : या प्रश्नावलीची विश्वसनीयता (पुन्हा भरली तरी तोच निकाल येतो का) कशी पाहाल, सप्रमाणता (जे मोजायचे तेच ती मोजते का) कशी पाहाल, कोणता प्रयोग केल्यास तिचा दावा खोटा ठरू शकेल? मी तसेच केले, आणि या दोन अवघड संकल्पना मुलांना त्या तासात जितक्या नीट समजल्या तितक्या एरवी समजत नाहीत.

बुद्धिमत्तेचे पत्ते सामान्य आहेत. बिने आणि सायमन यांची १९०५ ची चाचणी, स्पिअरमन यांचा १९०४ चा सामान्य घटक, गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्ता, स्टर्नबर्ग यांची १९८५ ची त्रिपदी उपपत्ती अशी नावे आणि वर्षे नीट दिली आहेत. गार्डनर यांच्या उपपत्तीवर मोजमापाच्या दृष्टीने झालेली टीका कुठेच नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे भारतीय काम जवळजवळ नाहीच. बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर करून कामत यांनी तिचे प्रमाणीकरण केले आणि बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशके वापरात राहिली, हे मराठीत काढलेल्या संचात नसावे, हे समजण्यापलीकडचे आहे. मानके, म्हणजे गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते त्या समाजातील सर्वसाधारण गुण, काय असतात आणि परदेशी चाचणी केवळ भाषांतर करून का चालत नाही, हे समजावण्यासाठी मराठी शिक्षकाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांचाही एखादा पत्ता असायला हवा होता.

अभ्यासक्रमाच्या थोडे बाहेर जाऊन संचाने सामाजिक प्रभावावर काही पाने दिली आहेत. इतर सर्वांनी मुद्दाम चुकीचे उत्तर दिले की माणूस रेषांची लांबी कशी सांगतो हे पाहणारा ॲश यांचा प्रयोग वर्गात करता येतो आणि तो येथे चांगला दिला आहे. संशोधकाच्या आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) धक्के द्यायला सांगणाऱ्या मिलग्रॅम यांच्या प्रयोगाच्या १९६३ च्या अहवालातील ४० पैकी २६ व्यक्ती शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेल्या, ही माहिती बरोबर आहे. झिंबार्डो यांच्या १९७१ च्या तुरुंग-प्रयोगाविषयी मात्र जुनीच कथा सांगितली आहे : दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, कारण पहारेकऱ्यांची भूमिका मिळताच साधी मुले क्रूर झाली. पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, हे ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे यांच्या आधारे २०१९ मध्ये तपशिलाने मांडले गेले आहे. आज हा प्रयोग शिकवायचा, तर संशोधनपद्धतीतील दोषांचा नमुना म्हणूनच शिकवावा.

गर्दीविषयीच्या पानावर तर गर्दी म्हणजे विवेक हरपलेला जमाव, एवढेच चित्र आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत असलेल्या शहरातील मुलांना हे चित्र अपुरे आहे. अलाहाबादच्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केलेले संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मेळ्यात राहिलेल्या यात्रेकरूंनी परतल्यावर स्वतःचे स्वास्थ्य, न गेलेल्यांच्या तुलनेत, सुधारल्याचे नोंदवले. थंडी, गोंगाट आणि दाटी असूनही ‘आपण सारे एक’ ही भावना माणसाला आधार देते, असा त्यामागील विचार आहे. रामकुंडावरच्या पर्वणीची वर्णने आजी-आजोबांकडून ऐकलेल्या मुलांना हे सांगितले, तर त्यांच्याकडे विचारण्यासारखे आणि नोंदवण्यासारखे पुष्कळ असते. त्यातून प्रकल्पाचे विषयही मिळतात.

मानसिक विकारांवरील पत्त्यांविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. एका पत्त्यावर व्यक्तीचे चार ओळींचे वर्णन, दुसऱ्यावर विकाराचे नाव, आणि जोड्या लावायच्या, अशी ही कृती आहे. औदासीन्य विकार (डिप्रेशन), दुर्भीती (फोबिया), मंत्रचळ (ओसीडी), छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) अशी नावे आहेत आणि वर्णनांतील बहुतेक व्यक्ती सोळा-सतरा वर्षांच्या आहेत. ‘एक मुलगी सतत रडते आणि कोणाशी बोलत नाही’ एवढ्या आधारावर औदासीन्य विकाराचा पत्ता तिच्यापुढे ठेवायला शिकवणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार त्या निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणे किमान दोन आठवडे असावी लागतात आणि त्यांमुळे लक्षणीय त्रास व्हावा किंवा दैनंदिन जीवनात लक्षणीय अडथळा यावा लागतो. कालावधी आणि अडथळा या दोन्ही गोष्टी पत्त्यांवर नाहीत. मग मुले जोड्या लावता लावता मैत्रिणीला, भावाला आणि शेवटी स्वतःला नाव देऊ लागतात. पन्नास-साठ जणांच्या वर्गात ज्याच्या घरी खरोखरच एखादी व्यक्ती आजारी आहे असा विद्यार्थी असणारच, आणि त्याच्या शेजारी बसून हा खेळ हसत खेळला जातो, याचा विचार संचकर्त्यांनी केलेला नाही.

मी हे पत्ते बदलून वापरले. प्रत्येक वर्णनाखाली ‘निदान करण्यासाठी आणखी काय विचारावे लागेल?’ हा प्रश्न लिहिला आणि नावांचे पत्ते बाजूला ठेवले. मुलांनी किती दिवसांपासून, झोप कशी, जेवण कसे, कॉलेजला येते का, घरात अलीकडे काही घडले का, असे प्रश्न तयार केले, आणि निदान हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम का आहे, हे त्यांना माझ्या सांगण्याशिवाय कळले. पुस्तिकेत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचा एका ओळीत उल्लेख आहे, पण मदत कोठे मिळते याची माहिती नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि त्यावर अहोरात्र बोलता येते. तो प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर छापायला हवा होता. आमच्या वर्गात तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो.

प्रश्नपत्त्यांच्या पेटीसाठी मी या संचाला पुन्हा पैसे देईन. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर, आणि पेटीत पाच कप्पे. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो आणि काही दिवसांनीच पुन्हा समोर येतो. चुकले की पहिल्या कप्प्यात परततो. जर्मन लेखक सेबास्टियन लायटनर यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. तिच्यामागे दोन भक्कम तत्त्वे आहेत : आठवण्याचा प्रयत्न केल्याने स्मृती पक्की होते, आणि दिवसांचे अंतर ठेवून केलेला अभ्यास टिकतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत स्वतःची चाचणी घेणारे पुढे जातात. मुलांना हा निष्कर्ष सांगणे फार गरजेचे आहे, कारण पत्त्यांचा अभ्यास सुरुवातीला त्रासदायक वाटतो. वाचताना सगळे येते असे वाटते आणि पत्ता उलटण्यापूर्वी काहीच येत नाही असे वाटते. या दुसऱ्या अवस्थेला घाबरून बरीच मुले पहिल्या आठवड्यातच पेटी सोडू पाहतात. तिथे शिक्षकाने सोबत राहावे लागते.

पेठ आणि सुरगाण्याकडून एसटीने येणाऱ्या मुलांना ही पेटी सर्वांत उपयोगी पडली. पुस्तक उघडून बसण्याइतकी जागा गाडीत नसते, पण दहा पत्ते हातात मावतात आणि शेजारी बसलेला मित्र प्रश्न विचारू शकतो. पत्ते प्रकरणांची सरमिसळ करून विचारावेत, ही मार्गदर्शिकेची सूचनाही योग्य आहे. ‘बुद्धिमत्ता’ लिहिलेल्या गठ्ठ्यातून प्रश्न आला की उत्तर कोणत्या प्रकरणातले, हे आधीच कळते, आणि मंडळाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ती सोय नसते.

पत्त्यांच्या मजकुरात दोन गोष्टी सुधारायला हव्यात. अनेक उत्तरे मार्गदर्शकातील परिच्छेदांएवढी लांब आहेत. आपले उत्तर बरोबर होते की नव्हते, हे मुलाला ठरवता येत नाही आणि तो सौम्यपणे स्वतःला पास करून पत्ता पुढे सरकवतो. एका पत्त्यावर एकच मुद्दा हवा. दुसरे असे की बहुतेक प्रश्न ‘कोणी’, ‘केव्हा’ आणि ‘व्याख्या’ यांचे आहेत. परीक्षेत संकल्पना स्पष्ट करायच्या असतात, फरक सांगायचे असतात, प्रसंगावरून संकल्पना ओळखायची असते. वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, हे माहीत असावेच. पण कुकरची शिट्टी ऐकताच भूक लागणे आणि गृहपाठ केल्यावर शाबासकी मिळाल्याने तो पुन्हा करणे, यांपैकी अभिजात अभिसंधान (दोन गोष्टींची जोड बसून होणारे शिक्षण) कोणते आणि साधक अभिसंधान (कृतीच्या परिणामातून होणारे शिक्षण) कोणते, हे सांगता आले तरच विषय समजला असे म्हणता येईल. पेटीत काही कोरे पत्ते दिले आहेत. ते मी मुलांना अशा प्रसंगांसाठीच वापरायला लावले, आणि प्रसंग लिहिणाऱ्यालाच संकल्पना सर्वाधिक कळते असा अनुभव आला.

कागद जाड आणि टिकाऊ आहे, पेटीची कड मात्र लवकर उसवते. शुद्धलेखनाच्या चुका थोड्या आहेत. संच तीस विद्यार्थी गृहीत धरून केलेला दिसतो, त्यामुळे मोठ्या वर्गात चिठ्ठ्यांच्या छायाप्रती काढाव्या लागतात. मार्गदर्शिकेत वर्गापुरत्या प्रती काढण्याची परवानगी स्पष्टपणे दिली आहे, ही चांगली गोष्ट आहे. संपूर्ण संचाची किंमत १,२०० रुपयांच्या आसपास आहे, आणि ती महाविद्यालयाने किंवा विभागाने द्यावी, विद्यार्थ्यांकडून घेऊ नये. विद्यार्थ्यांनी केवळ प्रश्नपत्त्यांची पेटी घ्यावी. ती वेगळी मिळते आणि दोघा-तिघांत एक पुरते. दुकानदार संच उघडून दाखवतात आणि घाई करत नाहीत, त्यामुळे स्ट्रूपचे तक्ते उजेडात धरून, रंग नीट उमटले आहेत याची खात्री करूनच घ्यावा. कोरे पत्ते पहिल्या दोन महिन्यांतच संपतात. त्याच मापाचे जाड कागद तिथेच कापून मिळतात.